बारा फुटी कॅराव्हॅनचा ओटा वाढवताना: मापं, वजनं आणि लहान मुलं

गाडीमागे ओढून न्यायच्या कॅराव्हॅनमध्ये ओटा तोकडाच असतो. ज्या ट्रेलरवर हे काम केलं तो आतून १२ फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद. ओटा ३ फुटांचा, खोली १८ इंच. त्यात दोन बर्नरची शेगडी आणि सिंक बसल्यावर पोळपाट टेकवायलाही जागा नाही. प्रवासाला मुलं दोन, एक दोन वर्षांचं आणि एक पाच वर्षांचं. म्हणून ओटा वाढवणं आणि मुलांसाठी आतली जागा सुरक्षित करणं ही दोन्ही कामं एकदमच हाती घेतली. ती तशीच घ्यावीत असं आमचं ठाम मत आहे. ओट्याला जोडलेली प्रत्येक फळी सोबत एक नवी कड आणते, चढायला नवी पायरी देते आणि भिंतीवर नवा भार टाकते. फळी आधी आणि कड्याकुलपं मागाहून असं केलं, की लावलेलं अर्धं काम उचकटावं लागतं.

सुताराला बोलावण्याआधी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून खऱ्या मापाच्या फळ्या केल्या आणि मास्किंग टेपने जागोजागी लावून पाहिल्या. यात जे कळतं ते कागदावरच्या नकाशात कळत नाही. ओट्याची उंची ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर. दोन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ८५ सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे चालायच्या वाटेत बाहेर आलेल्या फळीची कड धावत्या मुलाच्या बरोबर डोक्याशी येते. ओट्याखालून ड्रॉवरसारखी ओढायची फळी या एका कारणासाठी रद्द केली. दिसायला ती फार सुबक, पण उंची ७५ सेंटिमीटर, म्हणजे कड थेट तोंडाशी, आणि तीही भर वाटेत.

दुसरा पर्याय होता दाराच्या बाजूला घडीची फळी. तो तर विचारातच घेऊ नये. कॅराव्हॅनला दार एकच असतं. गॅसने पेट घेतला तर शेगडी आणि उघडी फळी दोन्ही बाहेर पडायच्या वाटेत येतात. उरली पलंगाकडची बाजू. आमच्याकडे दारापासून क्रम असा होता: शेगडी, सिंक आणि पुढे बसायचा बाक, ज्याचा रात्री पलंग होतो. घडीची फळी सिंकच्या पुढे, बाकाच्या टोकावर आली. तिथे अडचण वेगळी. बाक १८ इंच उंच. त्यावर उभ्या राहिलेल्या मुलाच्या कमरेशी फळी येते आणि मूल तिच्यावर चढतं. पण मध्ये सिंक असल्याने मुलाचा हात आणि जाळ यांत ३० इंचांवर अंतर राहतं, आणि चढण्याचा बंदोबस्त करता येतो. बंद वाटेचा करता येत नाही.

तेव्हा वाढीव जागा दोन ठिकाणी निघाली. सिंकवर बसणारं झाकण १५ बाय १३ इंच, आणि घडीची फळी १६ इंच लांब, ओट्याइतकीच १८ इंच रुंद. एकूण साडेतीन चौरस फुटांच्या जवळपास. ऐकायला कमी वाटतं, पण चार माणसांचा स्वयंपाक त्यात नीट होतो.

सुताराची पहिली सूचना ठरलेली: ओट्याला ग्रॅनाइट टाकू. मुंबईतल्या कुठल्याही स्वयंपाकघरात ती बरोबरच आहे, ट्रेलरमध्ये नाही. १८ मिमी ग्रॅनाइट चौरस फुटाला साडेचार किलो भरतो. १२ मिमी प्लायला दोन्ही बाजूंनी सनमाईका लावली तर चौरस फुटाला किलोभर. शिवाय घाटातल्या धक्क्यांनी दगड सिंकच्या कोपऱ्यातून तडकतो. आम्ही आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घेतला, १२ मिमीचा. साध्या आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा, दर्जाही चालतो, पण मरीन प्लायमध्ये कापलेली कड पाणी कमी पिते आणि सिंकशेजारी ते महत्त्वाचं. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड मात्र कुणी फुकट दिला तरी घेऊ नये. एका पावसाळ्यात फुगतो आणि स्क्रू भोकातून हलायला लागतात.

सनमाईका दोन्ही बाजूंनी लावायची. सुतार खालची बाजू रंगवून देतो म्हणतो, कारण दिसत नाही. पण एकाच बाजूला सनमाईका असली की दोन बाजू हवेतला ओलावा वेगवेगळा घेतात आणि फळी पापडासारखी वाकते. १२ मिमीला हे लवकर होतं. खाली स्वस्तातली ०.८ मिमीची चालेल, पण लावायचीच. आणि हे काम जून ते सप्टेंबरमध्ये करू नये. सनमाईकाचं रबरी अ‍ॅडेसिव्ह दमट हवेत वाळताना वर पाण्याचा सूक्ष्म थर धरतं, तो दिसत नाही, आणि महिन्याभरात कडेपासून सनमाईका उचलायला लागते. करायचंच असेल तर बंद खोलीत, फळी दाबून धरून, लाकडाच्या पांढऱ्या वॉटरप्रूफ गोंदाने. रात्रभर वजनाखाली ठेवावी लागते, एवढंच.

कडेला पीव्हीसीची पट्टी न लावता १२ मिमी जाड सागवानी लिपिंग, म्हणजे लाकडाची कडपट्टी, लावली. कारण मुलं. पट्टीची कड काटकोनीच राहते. सागवान असला की राउटरने कोपरे गोल करता येतात. बाहेरचे दोन्ही कोपरे २५ मिमी त्रिज्येचे केले आणि वरची-खालची धार ६ मिमी गोल. त्यावर रबरी एज गार्ड लावलेला नाही. उन्हात उभ्या ट्रेलरच्या आत मे महिन्यात हात लावू नये असं तापतं, दुहेरी टेप सुटते, आणि सुटलेला तुकडा दोन वर्षांचं मूल आधी तोंडात घालतं. कोपरा लाकडातच गोल केलेला बरा.

आता भिंत. सगळ्यात जास्त कामं इथे फसतात. कॅराव्हॅनची भिंत म्हणजे बाहेर पत्रा, मध्ये फोम आणि आत ३ मिमी प्लाय. त्यात स्क्रू घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण पकड फक्त त्या ३ मिमीची, म्हणजे स्क्रूचे जेमतेम दोन आटे. हिशोब असा. फळी ४०० मिमी बाहेर, तिला खालून धरणाऱ्या घडीच्या ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूमध्ये १८० मिमी अंतर. १५ किलोचं मूल कडेला लोंबकळलं आणि हिसका दिला, तर भार दुप्पट धरावा, ३० किलो. ३० गुणिले ४००, भागिले १८०, म्हणजे वरच्या स्क्रूंवर ६७ किलोची ओढ. दोन ब्रॅकेटांत वाटली तरी प्रत्येकी ३३ किलो, तीही धक्क्याने. ३ मिमी प्लाय हे वर्षभर सोसणार नाही. भांड्यांच्या वजनाने ब्रॅकेट निघत नाही. निघतो तो मूल लटकल्यावर.

म्हणून ब्रॅकेट भिंतीतल्या सांगाड्याच्या नळीतच धरायला हवा. सांगाडा लोखंडी असेल तर भिंतीवर चुंबक फिरवून नळी सापडते. अ‍ॅल्युमिनिअमचा असेल तर चुंबक चालत नाही, मग बाहेरच्या रिव्हेटांच्या ओळीवरून माप काढायचं. आमच्याकडे २५ मिमीची चौकोनी लोखंडी नळी होती. तिच्या आतल्या बाजूलाच ९ मिमीचं भोक पाडून एम-६ चे रिव्हेट नट, म्हणजे भोकात दाबून पक्के बसणारे आट्यांचे नट, बसवले. गिरमिटाच्या टोकापासून १५ मिमीवर टेप गुंडाळायची आणि टेप भिंतीला टेकली की थांबायचं. न थांबता पलीकडे गेलं तर बाहेरच्या पत्र्याला भोक. ते सीलंटने बुजवलं तरी दोन पावसाळ्यांत आतला फोम ओला होतो आणि प्लायवर काळे डाग फुटतात.

ब्रॅकेटची दोन भोकं नळीवर येतात, तिसरं येत नाही. म्हणून भिंतीवर आधी ९ मिमी प्लायची सहा इंच रुंद पट्टी दोन नळ्यांवर आडवी टाकली, मागे पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटचे उभे पट्टे ओढून, आणि ब्रॅकेट तिच्यावर. सीलंट पूर्ण भरून लावू नये. पट्टे उभे ठेवले की आत शिरलेलं पाणी खाली वाहून जातं. स्क्रू एसएस ३०४ चे, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे, मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात सुटे मिळतात. मुंबईच्या खाऱ्या हवेत झिंक केलेले स्क्रू एका वर्षात डोक्याशी गंजतात आणि मग पाना फिरतो, स्क्रू फिरत नाही. सांगाडा अ‍ॅल्युमिनिअमचा असेल तर स्टीलच्या स्क्रूखाली नायलॉन वॉशर घालावा, नाहीतर खारट ओलाव्यात दोन धातूंमध्ये पांढरी भुकटी धरते आणि नळीच झिजते. जिथे नट दिसतो तिथे आत नायलॉनची कडी असलेला नायलॉक नट, जिथे दिसत नाही तिथे आट्यांना लावायचा निळा गोंद, थ्रेडलॉक. नुसता स्प्रिंग वॉशर रस्त्याच्या थरथरीला पुरत नाही.

ब्रॅकेट निवडताना फळीच्या खोलीच्या निदान दोन तृतीयांश लांबीचा घ्यायचा. ४०० मिमीच्या फळीला ३०० मिमीचा घेतला. खोक्यावरची भारक्षमता जोडीची की एकाची, हे दुकानात विचारून घ्यावं. खटका दोन्ही ब्रॅकेटांना वेगवेगळा हवा, म्हणजे दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय फळी खाली येत नाही. एकाच दांडीने दोन्ही सुटणारे ब्रॅकेट मोठ्यांना सोयीचे, पण खालून हात घालणाऱ्या मुलाला ते त्याहून सोयीचे. फळी डोक्यात येते.

बिजागरापाशी बोट अडकण्याचा प्रश्न असतो. खेळण्यांच्या मानकांत एक चांगला नियम आहे: हलणाऱ्या भागांतली फट एकतर ५ मिमीपेक्षा कमी असावी, नाहीतर १२ मिमीपेक्षा जास्त. मधल्या मापात बोट आत जातं आणि चेंगरतं. दोन सुट्या बिजागऱ्यांऐवजी सलग पियानो बिजागर घेतलं आणि फट दोन मिमीची ठेवली. सुतार मापं इंच-सुतात घेतो, तिथे लक्ष ठेवावं लागतं. एक सूत म्हणजे ३ मिमीच्या थोडं वर, आणि ‘दोन सूत सोड’ म्हटलं की फट सहा मिमीवर, म्हणजे नेमकी नको त्या मापात.

फळी खाली लोंबत असताना प्रवासात आपटते. चुंबक तिला धरत नाही, खड्ड्यात सुटतो. शिवाय बारीक पण ताकदवान चुंबक मुलांच्या आवाक्यात ठेवूच नयेत, दोन गिळले तर आतड्यात एकमेकांना चिकटतात. खालच्या कडेला छोटी टॉवर बोल्ट कडी आणि मागे रबराचे दोन ठोकळे, एवढ्याने आवाज बंद.

मुलं आत येण्याआधी फळीच्या कडेवर तांदळाची २५ किलोची गोण रात्रभर ठेवली आणि कड जमिनीपासून किती उंच आहे ते आधी-नंतर मोजलं. २ मिमीपर्यंत झुकली तर चालतं, ब्रॅकेटची घडी बसते. ५ मिमी झुकली तर भिंतीतली पट्टी निघते आहे असं समजून सगळं उतरवायचं.

वजनाचा दुसरा हिशोब ट्रेलरचा. हे सगळं मिळून १० किलोच्या आत आलं. पण किलो किती यापेक्षा ते कुठे पडले हे मोठं. ट्रेलरच्या नाकावर, म्हणजे हुकावर, पुरेसं वजन नसेल तर हायवेवर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. अमेरिकेत भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के नाकावर ठेवतात, युरोपात ५ ते ७ टक्के. आपल्याकडे गाडीच्या टो-बारवर, म्हणजे ट्रेलर ओढायच्या दांड्यावर, कोरलेली मर्यादा ओलांडायची नाही आणि वजन अ‍ॅक्सलच्या मागे सरकू द्यायचं नाही. आमची फळी अ‍ॅक्सलच्या पुढे आली. तोच सरंजाम, समजा ८ किलो, दाराकडे अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर मागे लावला असता आणि अ‍ॅक्सलपासून हुक ३.२ मीटर असेल, तर नाक ३ किलोंनी हलकं होतं. एकटे ३ किलो काही करत नाहीत, पण ओट्यापाठोपाठ तिथे कुकर, डबे, पाण्याचा कॅनही येतात. मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जागेवर, चाकांना गुटके लावून, हुकाखाली योग्य उंचीचा लाकडी ठोकळा आणि त्याखाली काटा.

शेगडीकडे वळू. शेगडी आणि सिंक यांच्यामध्ये एसएस ३०४ च्या १ मिमी पत्र्याचा १० इंच उंच आडोसा उभा केला. पत्रा मुंबईतल्या गुलालवाडीच्या धातूबाजारातून घेऊन कडा दुमडून आणल्या. दुमड नसलेल्या पत्र्याची धार सुरीइतकीच वाईट. समोरच्या कडेला तीन इंचांची पट्टी, म्हणजे पातेल्याचा दांडा बाहेर येत नाही. शेगडीचे नॉब ओढून निघतात, ते स्वयंपाक झाल्यावर काढून वरच्या खणात. सिलिंडर ५ किलोचा, उभा, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात. त्या कप्प्याच्या तळाला भोकं हवीतच, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साठतो. त्याच कारणासाठी गॅस अलार्म छताला लावून काही उपयोग नाही, तो जमिनीपासून फूटभर उंचीवर. पण तिथे तो मुलांच्या हाताशी येतो, म्हणून त्याच्यावर जाळीची पेटी. गॅसची नळी आयएस ९५७३ ची, आणि तिच्यावर छापलेली मुदत बघायची. ट्रेलर चालू असताना सिलिंडर बंद, अपवाद नाही. चालत्या ट्रेलरमध्ये कुणी बसायचंही नाही. मुलं ओढणाऱ्या गाडीत, आपापल्या सीटवर बांधलेली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब प्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट लागतेच.

स्वयंपाक चालू असताना मुलांना बाकावर अडवून धरायला गेट हवं. बाजारातलं दाबून बसणारं बेबी गेट साधारण अडीच फुटांच्या दारासाठी बनतं. इथे वाट २२ इंच. आणि बसलं तरी त्याचे स्क्रू फोमच्या भिंतीला खड्डा पाडतात. त्याऐवजी ९ मिमी प्लायचं अर्धं दार, ७५ सेंटिमीटर उंच, नळीत धरलेल्या दोन बिजागरांवर. उभ्या पट्ट्यांचं केलं तर दोन पट्ट्यांत ६० मिमीपेक्षा जास्त अंतर नको. आडव्या पट्ट्या तर नकोतच, ती शिडी होते. बाकाच्या बाजूने फळीवर चढण्याचा उपाय म्हणजे शिस्त. मूल बाकावर एकटं असताना फळी खाली. ब्रॅकेटमुळे हे चार सेकंदांचं काम आहे, म्हणून होतं. सुटी फळी असती तर कुणी केलं नसतं.

खणांना आणि ड्रॉवरना सॉफ्ट-क्लोज चॅनेल लावून लोक निर्धास्त होतात. ते बंद होताना आवाज करत नाहीत, बंद राहण्याची हमी देत नाहीत. पहिल्याच वळणावर वाट्या जमिनीवर. बोटीत वापरतात तसे दाबून उघडायचे पुश लॉक प्रवासाला उत्तम, पण तीन वर्षांचं मूल ते एका दुपारीत शिकतं. म्हणून सुऱ्या, काडेपेटी, फिनाईल या तीन गोष्टींच्या खणांना आतून चुंबकी लॉक, स्क्रूने बसवलेले. चिकटवलेले नाहीत, कारण तेच, टेप उन्हात सुटते. उघडे ड्रॉवर एकावर एक म्हणजे ओट्यावर जायचा जिना, त्यामुळे खालच्या दोन ड्रॉवरनाही तेच.

दाराला वर, पाच फुटांवर, एक सरकती कडी. किल्लीचं कुलूप आतून लावू नये, अंधारात किल्ली शोधावी लागते. मुलांच्या उंचीला कडी ठेवली तर मूल आत आणि मोठे बाहेर, असा प्रकार होतो. आपत्कालीन खिडकीसमोर वाढीव फळी, पडदा, सामान काहीही येत नाही ना, हे मुद्दाम पाहावं. पडद्याच्या दोरीचे फास कापून टाकले.

वरच्या बंकवर सहा वर्षांखालचं मूल झोपवू नये, हा अमेरिकेतल्या बंक-बेडच्या नियमांतला आकडा आम्ही जसाच्या तसा पाळतो. दोन्ही मुलं खाली. कठड्याची मापंही तिथलीच: गादीच्या वर निदान ५ इंच आणि कुठलीही फट साडेतीन इंचांपेक्षा कमी. गादी बदलताना हे विसरतं. चार इंची गादी काढून सहा इंची टाकली की कठडा आपोआप दोन इंचांनी बुटका होतो.

विजेसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, आणि भोकं आतून झाकलेले शटरवाले सॉकेट. मुंबईत लोहार चाळीच्या विजेच्या बाजारात दोन्ही मिळतात. टेस्टचं बटण दाबल्यावर आरसीसीबी पडला म्हणजे तो चालतो, एवढंच सिद्ध होतं. अर्थिंग वेगळं तपासून घ्यावं लागतं, आणि ट्रेलरचा सांगाडा त्या अर्थला जोडलेला हवा. सिंकचं पाणी बाहेर उघड्या बादलीत सोडायची पद्धत सगळीकडे दिसते. त्या बादलीत डोकावणारं मूल तोल जाऊन डोक्यावर पडतं आणि त्याला स्वतःला उठता येत नाही. झाकणाचा कॅन घ्यावा, नळी झाकणातल्या भोकातून.

काम झाल्यावर पहिला प्रवास लांबचा नको. मुंबईतून निघून गोवा रस्त्यावरच्या वडखळपर्यंत गेलं की तिथे सगळे स्क्रू एकदा पान्याने तपासायचे. ब्रॅकेटचे वरचे आणि अर्ध्या दाराच्या बिजागरांचे आधी सैल होतात. घट्ट करून डोक्यापासून प्लायवर मार्करची एक रेघ ओढावी. पुढच्या थांब्याला रेघ तुटलेली दिसली, तर पाना न लावताच कळतं कुठला फिरला. चुंबकी लॉकच्या दोन किल्ल्या येतात. एक गाडीच्या चाव्यांच्या जुडग्यात आणि दुसरी ट्रेलरमध्ये छताजवळ, खिळ्याला टांगलेली.